काही नाही गं, तू झोप

दूध उतू गेलं तेव्हा घरातली चारही माणसं घरातच होती.

*

एका माणसाच्या पायाची करंगळी टेबलाला आपटली. त्याचा आवाज तीन घरं सोडून ऐकू गेला.

*

तोच माणूस. छातीत मधोमध, कुणीतरी आतून स्क्रू आवळत असल्यासारखं. आवाज नाही.

*

"तुझ्या आवाजाला काय झालंय?"
"काही नाही, सर्दी."
(मुलगी, फोनवर. सर्दी नव्हती.)

*

तपासणी कक्षाच्या दाराला पितळी कुलूप. किल्ली कुलूप बसवणाऱ्याच्याच खिशात.

*

आता मुद्द्यावर येऊ.

हृदय हा असा अवयव आहे, की तो चालू होता हे तो बंद पडल्यावरच निर्विवाद सिद्ध होतं. त्याआधीचं सगळं अनुमान. या अनुमानाला शास्त्रीय बैठक मिळावी म्हणून आमची हृद्रोग संशोधन संस्था स्थापन झाली. संस्थेला दोन मजले आहेत, एक लिफ्ट आहे (बंद, हृदयाला जिना चांगला) आणि तपासणी कक्षात एक अत्याधुनिक यंत्र आहे. ते इतकं चांगलं आहे की खराब होऊ नये म्हणून आम्ही ते सहसा वापरत नाही.

संस्थेचा मुख्य अभ्यास हृदयविकाराच्या धोकादायक घटकांवर आहे. त्याची रचना कुणालाही समजेल अशी. सहभागी माणसाला प्रश्नताई (प्रश्न विचारणं हे त्यांचं काम, म्हणून हे नाव) एकच प्रश्न विचारतात : "छातीत काय होतं?" काहीतरी होतं म्हणणारा दुखणाऱ्यांच्या गटात जातो आणि त्याची यंत्रावर तपासणी होते. "काही नाही" म्हणणारा निरोगी गटात जातो आणि घरी जातो. शास्त्रात शब्दाला किंमत असते. माणूस स्वतः काही नाही म्हणत असताना काहीतरी आहे असं धरणारे आपण कोण?

पहिल्या निष्कर्षांनी आम्ही चकित झालो. दुखणाऱ्या गटातली माणसं तपासली जात होती, औषधं घेत होती, बरी होऊन संस्थेच्या चहाबद्दल तक्रारी करत होती. निरोगी गट मात्र भराभर मरत होता. आमच्या आकडेवाल्यांनी बेरीज पुन्हा केली, मग उलट्या बाजूने केली. मृत्यूदर तिप्पट. सिगारेट, वजन, बैठं काम या सगळ्यांना मागे टाकून एक घटक पहिला आला. निरोगी असणं.

हा निष्कर्ष एका परिषदेत मांडला तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्यातले एक गृहस्थ जेवणाच्या सुट्टीनंतर परत आले नाहीत. (त्यांना आम्ही प्रश्न विचारला नव्हता, म्हणून ते आकडेवारीत नाहीत.)

निरोगीपणाचे प्रकार

अ) "काही नाही." साधा प्रकार. सर्वत्र आढळतो.

आ) "काही नाही, गॅस आहे." यात सहभागी स्वतःच निदान करतो, त्यामुळे संस्थेचं काम वाचतं. हा प्रकार जेवल्यावर आढळतो. जेवण्याआधी, आणि उपाशी असतानाही.

इ) "काही नाही गं, तू झोप." फक्त विवाहित पुरुषांत. सर्वाधिक घातक. बायकांच्या झोपेवर काय परिणाम होतो याचाही आम्ही शोध घेतला. झोप सापडली नाही.

ई) "काही नाही, तुमचं काय?" हा प्रकार डॉक्टरांमध्ये आहे असं ऐकतो. आम्ही विचारल्यावर त्यांनी आमचंच काय ते विचारलं.

(बायकांमधल्या प्रकारांचा तक्ता इथे येणार होता. "असू दे, तुमचं होऊ द्या आधी," असं म्हणून बहुतेक सहभागी रांगेतून मागे गेल्या.)

आनुवंशिकता

जनुक विभागाला तीन पिढ्यांचं एक सलग कुटुंब हवं होतं. दूरदूर शोध झाला. सापडलं ते जिन्याखाली, कुलपाला तेल घालताना.

हे आमचे कुलूपवाले दादा. संस्थेतल्या प्रत्येक दाराचं कुलूप त्यांनी बसवलंय. त्यांचे आजोबा कुलूपवाले. बावन्नाव्या वर्षी, प्रकार अ, दुकानात. वडील कुलूपवाले, बावन्नाव्या वर्षी, प्रकार इ, पलंगावर. दादा स्वतः प्रकार आ, आणि पुढच्या महिन्यात बावन्न लागत होतं. जनुक विभागाच्या बाईंना तर कोण आनंद झाला. असं कुटुंब हाती लागायला नशीब लागतं, असं त्या म्हणाल्या. कुणाचं, ते त्या बोलल्या नाहीत.

तेवढ्यात वहिनी आल्या.

वहिनी म्हणजे दादांची बायको. शाळेत खेळाच्या शिक्षिका. गळ्यात शिट्टी, पायात जाड तळाचे बूट. सुट्टी टाकून त्या नवऱ्याला मनगटाला धरून प्रश्नताईंच्या टेबलापाशी घेऊन आल्या आणि तपासणी कक्षाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यांना त्या यंत्राखाली घाला."

नियमानुसार प्रश्न विचारण्यात आला. दादा म्हणाले, "काही नाही. गॅस."

"अहो, सांगा ना त्यांना. परवा जिन्यात बसलात ते."

"माणसानं बसायचं पण नाही का?"

"बनियन भिजलं होतं, ताई. मी पिळलं."

"उन्हाळा आहे."

"पंख्याखाली?"

"पंखा जुना झालाय."

प्रश्नताई मनाने चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमचं पटतंय हो मला. पण छाती तुमची नाही ना. ज्याची छाती त्यानेच सांगायला लागतं."

"ते कसले सांगतायत? सासरे गेले तेव्हा सासूबाई शेजारीच होत्या. तू झोप म्हणाले, म्हणून त्या झोपल्या. त्यानंतर काही त्या नीट झोपल्या नाहीत."

"आता बाबांना कशाला आणतेस मध्ये?" दादा म्हणाले.

"मी कुठे आणतेय? तुम्हीच निघालात त्यांच्याकडे."

प्रकरण वर गेलं. संस्थेची भूमिका संचालकांनी शांतपणे समजावून सांगितली. दादांना दुखणाऱ्या गटात टाकलं, तर निरोगी गटाची शुद्धता बिघडते. शिवाय त्यांच्यावर उपचार झाले, तर तिसरी पिढी हातची जाते आणि आनुवंशिकतेचं प्रकरण मधेच तुटतं. म्हणून नैसर्गिक निकालाची वाट पाहावी. तोवर दादांना संस्थेतर्फे शाल द्यायचं ठरलं आणि ती तिथेच त्यांच्या खांद्यावर घालण्यात आली.

"शाल?" वहिनी म्हणाल्या.

"सत्काराची," संचालक म्हणाले.

वहिनींनी शालीकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं. दादांच्या ओठांवर घाम होता आणि ते तो शालीच्या टोकानेच पुसत होते. शाल आवडलेली दिसत होती.

वहिनी प्रश्नताईंना म्हणाल्या, "एकदा परत विचारा. शेवटचं. छाती वगैरे काही म्हणू नका, नुसतं दुखतंय का विचारा."

प्रश्नताईंनी संचालकांकडे पाहिलं. प्रश्न परत विचारायला नियमात बंदी नव्हती. कुठे, हे विचारलंच पाहिजे असंही नियमात नव्हतं.

"दादा, दुखतंय का?"

याच वेळी वहिनी उठल्या आणि सगळा भार देऊन, बुटासकट, दादांच्या डाव्या पायाच्या करंगळीवर उभ्या राहिल्या.

"आई गं! दुखतंय! अगं दुखतंय, दुखतंय!"

प्रश्नताईंनी मान वर न करता लिहून घेतलं. दुखतंय. स्वतःच्या तोंडाने. तीनदा.

नियम तो नियम. दादांना तत्काळ दुखणाऱ्या गटात हलवण्यात आलं आणि तपासणी कक्षापाशी नेण्यात आलं. कक्षाला कुलूप होतं. किल्ली दादांच्याच खिशात. लंगडत पुढे होऊन त्यांनी स्वतः दार उघडलं आणि म्हणाले, "जरा अडतंय. तेल घालायला हवं."

यंत्राजवळच्या डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं आणि बसायला खुर्ची मागितली. तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या. त्यातल्या एकीत दोऱ्याइतकी वाट उरली होती. संध्याकाळच्या आत शस्त्रक्रिया झाली. दादा वाचले.

शुद्धीवर आल्यावर करंगळी फार ठणकते अशी त्यांनी तक्रार केली. छातीबद्दल विचारलं तर म्हणाले, "काही नाही."

उपचारांचे परिणाम

एका यशावर संस्था समाधानी राहत नाही. पाय तुडवणं या उपचाराची आम्ही रीतसर चाचणी घेतली. सहभागींचे चार गट : जाड बूट, चप्पल, अनवाणी आणि तुलनेसाठी चौथा, ज्यात बायकोने नवऱ्याच्या पायाशेजारच्या फरशीवर पाय आपटायचा. मृत्यूदर निम्म्याहून खाली आला. चौथ्या गटातही आला. बायको पाय आपटते आहे म्हटल्यावर पुष्कळ जण न विचारताच सगळं सांगू लागले. काहींनी तर विचारलं नव्हतं तेही सांगितलं. (तीन घरांत त्यावरून वेगळीच भांडणं झाली. ती या अभ्यासाच्या कक्षेबाहेर.)

दुष्परिणाम : काळी पडलेली नखं. एका सहभागीचा खरोखर पायच दुखत होता असं आढळलं. त्याची माफी मागण्यात आली.

अविवाहितांसाठी संस्थेने पाय तुडवणारा हे पूर्णवेळ पद निर्माण केलं आहे. पुष्कळ अर्ज आले, त्यात सासूबाई जास्त.

आनुवंशिकतेचं प्रकरण अर्थातच तुटलं. दादांना त्रेपन्नावं लागलं, तेव्हा जनुक विभागाच्या बाई त्यांना भेटून गेल्या. फार खचल्या होत्या. पण शास्त्र आशा सोडत नाही. दादांना परगावी राहणारी एक मुलगी आहे आणि आईने फोनवर आवाजाचं विचारलं, तेव्हा "काही नाही, सर्दी," असं ती म्हणाल्याची माहिती मिळाली. चौथी पिढी! बाई लगेच प्रश्न घेऊन निघाल्या. पण वहिनी आदल्याच गाडीने मुलीकडे गेल्या होत्या. बूट घालून.

हा अहवाल आमच्या दिवंगत संचालकांना अर्पण. (गट : निरोगी.)

शेवटचा टप्पा

अभ्यासाचा शेवटचा टप्पा वाचकांवर आहे. त्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही. इथपर्यंत वाचलंत, म्हणजे तुम्ही सहभागी झालात. दादा जिन्यात बसल्याचं वाचताना तुम्ही एकदा श्वास खोल घेऊन पाहिलात. डावा खांदा जरा फिरवलात. कुणी बघत नाही ना, तेही पाहिलंत. शेजारी कुणी असेल, तर त्यांनी आता विचारलंही असेल, "काय झालं?"

उत्तर द्यायची घाई नको. आमच्याकडे ते आधीच आहे. निरोगी गटात तुमचं स्वागत.

संस्थेच्या उद्घाटनाच्या दिवशी फीत कापताना संचालकांनी मधेच कात्री खाली ठेवून डावा हात चोळला होता, आणि आम्ही त्यांना फोटोसाठी जरा हसायला सांगितलं होतं.