बेबीसाहेब सज्ञान जाहल्या त्याची हकीकत

समस्त वारसदार, मुखत्यार आणि कचेरीच्या बाकांवर झिजलेले सज्जन यांसी विदित व्हावे, की किल्ल्या बनविणारे दादासाहेब देहावसान पावले. लग्न केले नव्हते. मागे दौलत म्हणजे एक दुकान, आत दोन माणसे बसली तर तिसऱ्याने बाहेर उभे राहावे एवढे, ते त्यांनी मृत्युपत्राने "माझ्या बेबीस" लिहून दिले. बेबीसाहेब म्हणजे त्यांची धाकटी बहीण, वय साठीपार, दोन्ही गुडघे बंडखोर, हयात त्याच दुकानी कानस चालविण्यात गेली. पोटापाण्यास दुसरी जहागीर नव्हती.

ऐसियास मार्केटच्या कचेरीने फर्मान काढिले, की मृत्युपत्र खरे असल्याची कोर्टाची मोहोर, ज्यास प्रोबेट म्हणतात, ती आणावी, तोवर दुकान बंद; आणि दारास आपले कुलूप ठोकिले. अवघ्या शहराची कुलपे उघडणारे घराणे आपल्याच दारी तिष्ठत राहिले. हे कुलूप फुंकरीने उघडेल, ऐसे मत बेबीसाहेबांनी दिले, आणि मग कायद्याचा मान राखून वकिलाकडे कूच केले.

वकीलसाहेब मोठे मातब्बर, दरबारी त्यांस तारीखराव म्हणत. त्यांनी अर्जी रुजू केली, आणि मग नोटीस निघाली, आणि मग नोटिशीचा पत्ता चुकला, आणि मग कोर्टास सुटी पडली, आणि मग कारकून रजेवर गेला, आणि कपाटाची किल्ली त्याचे खिशातून सासुरवाडीस गेली. बेबीसाहेबांनी कपाट उघडून देण्याची तजवीज बोलून दाखविली, ती सरकारी दफ्तरावर हल्ला समजून नामंजूर जाहली. घरची रसद आटत चालली, गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानी फितूर जाहली, आणि बेबीसाहेब बहुत हवालदिल जाहल्या.

कारकून परतला तो नवे अरिष्ट घेऊनच. मृत्युपत्र चाळून त्याने शेरा मारिला, की वारस बेबी ही नावावरून लहान मूल दिसते, सबब अज्ञान. तिचा पालक हजर करावा. बेबीसाहेब काठी टेकीत पुढे जाहल्या, तो त्याने अदबीने पुसले, की आपण मुलीच्या आजी काय?

"अहो, मीच ती बेबी! अज्ञान म्हणा हवं तर, पण तोंडात कवळी आहे माझ्या."

कवळी पुरावा म्हणून रुजू होईना. सरकारी कागदांत बाईंचे नाव भलतेच. बेबी त्याच, हे शपथेवर सांगणारे माणूस पाहिजे. त्यांस बेबी म्हणणारी माणसे एकेक करून निघून गेली होती. उरली एक थोरली बहीण, आणि तिच्याशी बोलाचाल बंद, कशावरून ते दोघींसही धड आठवेना. शिवाय बेबी शाबीत न जाहल्यास अर्धे दुकान थोरलीचे, हे तारीखरावांनी हळूच कानी घातले. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! तरी निरुपाय जाणोन खलिता रवाना जाहला.

थोरली कोर्टात आली, ती धाकटीकडे न पाहता पिंजऱ्यात चढली. न्यायाधीशांनी पुसले, बेबी कोण? थोरलीने आधी चष्मा काढून सावकाश पुसला. तारीखरावांस घाम फुटला. आणि मग तिने मान वळविली, धाकटीचे वाळलेले तोंड पाहिले, आणि बोलली.

"हीच ती. पाळण्यातली होती तेव्हा मीच नाव ठेवलं, साहेब. पुढे जन्मभर नावं ठेवली तीही मीच. पण दुकान हिचंच आहे. कानस घासून हिचे हात गेलेत, माझे नाही."

दरबारी हशा पिकला, आणि न्यायाधीशांनी हसू आवरून मोहोर केली, आणि बेबीसाहेब नातवंडे शोभावी अशा वयात सज्ञान जाहल्या.

मग मार्केटच्या शिपायाने कुलूप काढिले. थोरलीने आत डोकावून नाक मुरडले.

"बेबी, आधी झाडू आण. काय ही धूळ!"

दादासाहेब गेल्यापासून या नावाने त्यांस कोणी हाक मारिली नव्हती. ज्यांनी अवघ्या मोहिमेत डोळ्यांतून टिपूस गाळिले नाही, त्या बेबीसाहेब उंबऱ्यावर बसून हुंदके देऊन रडल्या, आणि थोरली शेजारी बसली, आणि झाडू कोणीच आणला नाही.

येणेप्रमाणे दुकान फत्ते जाहले, आणि बहिणींत तह जाहला. तहाची कलमे ठरली नाहीत, सबब मोडावयास काही नाही. दफ्तरी दाखल.