स्टँडबायशिवाय समुद्र नाही

आमच्या मनीषनगरच्या अपार्टमेंटमध्ये कोणी नवीन राहायला आलं, की गजभिये काका त्याला लिफ्टमध्ये गाठायचे आणि नावगाव विचारायच्या आधीच प्रश्न टाकायचे, "तुम्ही लोळणारे का हिंडणारे?"

मलाही विचारलं होतं. माझ्या एका हातात तुळशीची कुंडी, दुसऱ्या हातात मिक्सरचं भांडं. मला वाटलं, हा माणूस माझ्या चालचलनाची चौकशी करतोय. मी घाबरून म्हणालो, "हिंडणारा." काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाही गा. तू लोळणारा हायेस. पोटावरून समजते."

समुद्रकिनारी सुट्टीला जाणारी माणसं काकांच्या मते चार प्रकारची. लोळणारी, हिंडणारी, खाणारी आणि फोटो काढता काढता भांडणारी. प्रत्येक प्रकाराला वेगळं रिसॉर्ट. आणि तेही असंतसं नाही. राहणं, दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा, संध्याकाळची भजी, स्टेशनवरून आणणं-सोडणं, सगळं एकाच बुकिंगमध्ये आलं पाहिजे. "सगळं त्यातच," हा त्यांचा परवलीचा शब्द. जावयाची चौकशीसुद्धा कोणी इतकी करत नसेल. फोनवर रिसॉर्टवाल्या मुलीला ते आपल्या नागपुरी हिंदीत विचारत, "कमरे से समुंदर पाच मिनट? किसके पाँव से, मॅडम?"

आमच्या सेक्रेटरींना त्यांनी एका निवांत रिसॉर्टला जायची साफ मनाई केली होती. "तुम्ही हिंडणारे. तिथं तिसऱ्या दिवशी मॅनेजरशी भांडसान." सेक्रेटरी हट्टाने गेले आणि तिसऱ्या दिवशी टॉवेलवरून भांडून परत आले. काका त्यावर फक्त "हं" म्हणाले. त्या 'हं'मुळे सेक्रेटरी दोन महिने जिन्याने ये-जा करत होते.

मी मात्र निमूटपणे त्यांचं ऐकलं. त्यांनी मला वहीचं पान फाडून दिलं होतं. नाश्ता साडेदहापर्यंत, पण डोसेवाला दहाला स्टोव्ह बंद करतो. शहाळं 'त्यातच' नाही, वाद घालू नये. तळमजल्याची खोली मागू नये, मुंग्या निघतात. सगळं शब्दन्शब्द खरं निघालं. परत आल्यावर मी पेढे घेऊन गेलो आणि विचारलं, "काका, तुम्ही कितीदा जाऊन आले तिथं?"

"मी?" काका म्हणाले. "मी त समुद्रच नाही पाह्यला अजून."

आतून सुमनकाकू हसल्या. पलंगावर बसून त्या वाटीतलं पाणी चमच्याने पीत होत्या. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दिवसभरात पाणी किती प्यायचं तेही डॉक्टरांनी मोजून दिलेलं. "मले पाणीबी मोजून," त्या म्हणाल्या, "अन् हे मले अनलिमिटेडवाल्या हॉटेलात नेऊन राह्यले."

तेव्हा मला कळलं की आम्हा सगळ्यांची रिसॉर्ट हा नुसता सराव होता. खरी निवड एकाच माणसासाठी चालली होती.

काकू पारशिवनीकडच्या. लहानपणी तळं पाहिलं, नदी पाहिली, पुढे धरण पाहिलं. "पण कुठीबी जा, पल्याडचा काठ दिसतेच," त्या म्हणायच्या. "मले बिनकाठाचं पाणी पाहाचं हाये एकदा." आणि काकांना काकूंना अशा जागी न्यायचं होतं, जिथे त्यांना 'आज जेवायला काय करू?' असं कोणाला विचारावं लागणार नाही. काकांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. कधी सकाळची पाळी, कधी दुपारची, कधी रात्रीची. त्या पाळ्यांमागे धावत काकूंनी तीसेक वर्षं डबे भरले. म्हणून 'सगळं त्यातच'.

घोडं अडलं ते स्टँडबायवर. वीजकेंद्रात एक पंप चालू असला की शेजारी दुसरा तयार ठेवतात. पहिला बंद पडला तर दुसरा लगेच सुरू करता यावा म्हणून. काकांच्या घरातही सगळं जोडीने होतं. दोन मिक्सर, दोन इस्त्र्या, देवळात न जाणाऱ्या माणसाकडे दोन घंटा (डोअरबेलच्या). मग समुद्राजवळ डायलिसिसची सोय एकच असून कशी चालेल? एक सेंटर, आणि ते बंद पडलं तर दुसरं. दोन्हीकडे जनरेटर.

दोन वर्षांत त्यांनी किती रिसॉर्ट नाकारली ते त्यांनाच ठाऊक. एका ठिकाणी पायऱ्या होत्या. एका ठिकाणी वाळू फार, काकूंच्या व्हीलचेअरची चाकं रुतली असती. शेवटी कोकणात एक सापडलं. सपाट रस्ता, खोलीच्या दारातून समुद्र, वीस मिनिटांवर डायलिसिस सेंटर. तिथला माणूस फोनवर म्हणाला, "आणा की, करू आपण." शेजारच्या गावात दुसरंही सेंटर होतं. पण तिथे फोन कोणी उचलेना. काकांनी महिनाभर रोज सकाळी अकराला फोन लावला.

"काका, एक सेंटर आहे नं? जा की!" मी म्हणालो.

"जवाब नाही आला, म्हणजे मशीन बंद धराची," काका म्हणाले. "कंट्रोल रूमचा नियम हाये गा. या नियमानं माणसं वाचते."

"अहो, जाऊ नं," काकू पलंगावरून म्हणाल्या. "एकच दिस. पाहू अन् वापस येऊ."

"थांब वं. जवाब येऊ दे."

मी त्या दिवशी भांडलो काकांशी. चांगला आवाज चढवून भांडलो. काकूंनीच मला गप्प केलं. म्हणाल्या, "त्यायचं काही नको मनावर घेऊ. मले काही होईन म्हणून भेते ते."

थंडी संपता संपता काकू गेल्या. हॉस्पिटलमध्येच, डायलिसिस चालू असताना हृदय बंद पडलं. मी धावत पोहोचलो तेव्हा काका बाकावर पायाशी चपला नीट जोडून ठेवून बसले होते. काकूंच्या चपला. म्हणाले, "मशीन चांगली होती गा. बाजूले दुसरीबी तयार होती."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. काका लिफ्टमध्ये भेटत, पण कोणाला काही विचारत नसत. सातव्या मजल्यावर नवीन जोडपं राहायला आलं, त्यांना तर ते अबोल म्हातारे वाटले. मला काकांची दया येत होती आणि रागही येत होता. तो राग अजून पुरता गेलेला नाही, हे मी लपवत नाही. एका फोनसाठी त्यांनी काकूंना ताटकळत ठेवलं.

मग एक दिवस काका बॅग घेऊन माझ्या दारात उभे. कोकणातलं तेच रिसॉर्ट. मी म्हणालो, "एकटे नका जाऊ. मी येतो सोबत."

"नाही. बुकिंग दोघायचीच हाये."

"मग मी दुसरा."

"दोघायची म्हणजे दोघायची," काका म्हणाले आणि स्टेशनला निघाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे लाटांचा मोठा आवाज होता.

"पाहिला का समुद्र?" मी विचारलं.

"हाये समोर. अजून नीट नाही पाह्यला. आधी त्या दुसऱ्या सेंटरवर गेलो होतो."

"तिथं कशाला, काका?"

"चालू हाये गा ते," काका म्हणाले. "पहिल्यापासून चालू हाये. आपल्याजवळचा नंबर तेवढा जुना. मशिनी चांगल्या हायेत, जनरेटर हाये. रिक्षानं अर्धा घंटाबी नाही लागत."

म्हणजे महिनाभर काका रोज अकराला जुन्याच नंबरावर फोन लावत होते.

"तिथली सिस्टर भली बाई हाये. तिनं इचारलं, पेशंट कुठी हाये? माह्या तोंडून निंघून गेलं, रूमवर हाये म्हणून. प्रवासानं थकली म्हटलं. तं सिस्टर म्हणे, आराम करू द्या आज, उद्या दहाले घेऊन या."

"काका..."

"नाव लिहून घेतलं गा तिनं. सुमन गजभिये. एक मशीन रिकामी ठेवणार हाये सिस्टर उद्या, दुसऱ्या कोणाले देणार नाही." मग काकांनी अगदी हळू विचारलं, "आता उद्या त्या बाईले मी काय सांगू?"