पुनरुत्थान म्हणजे कोणतं थान?

अमरावतीच्या कापूसबाजारात एका रिकाम्या गाडीवर उभे राहून उपदेशक भगवंतराव घसा फोडून सांगत होते, "बंधूंनो, मेलेल्यांचं पुनरुत्थान होणार आहे!"

"कोनतं थान?" खालून एकाने विचारले. "किती गजाचं कापड?"

सारा बाजार हसला. साल १८६४. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लोकांच्या कानांत गाठी, गज आणि वजन यांखेरीज काही शिरतच नव्हते. भगवंतराव नगरकडचे, स्वभावाने भिडस्त. पाद्रीसाहेबांनी हा शब्द त्यांच्याकडून वीस वेळा घोकून घेतला होता. तो तिथेच टाकून त्यांनी सोपा शब्द उचलला. "म्हणजे... पुनर्जन्म हो, पुनर्जन्म!"

"असं बोला ना मंग!" लोक म्हणाले आणि माना डोलावून ऐकू लागले.

गर्दीत नांदगावचा शेतकरी पुंजाराम होता. त्याची बायको मनकर्णा दोन वर्षांपूर्वी पटकीने गेली होती. उपदेश संपल्यावर तो भगवंतरावांपाशी आला.

"महाराज, दोन सालं झाली. आतापरेंत कोठीतरी जन्मली असन नं ती?"

भगवंतरावांना एव्हाना आपली चूक कळली होती. पण पुंजारामचे डोळे पाहून त्यांच्याने ती सुधारवेना. "देवाची करणी," ते पुटपुटले.

पुंजारामने तो होकार धरला. गावोगावी तो लहान लेकरे न्याहाळू लागला. आया आपापली पोरे पदराआड झाकू लागल्या. अखेर एके सकाळी शेजारच्या मैनाबाईच्या गोठ्यात एका दीड वर्षाच्या कालवडीने त्याला ढुशी दिली, धोतराचा सोगा ओढला आणि मग ती पाठ फिरवून उभी राहिली.

"अशीच रुसे ती," पुंजाराम तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला.

मैनाबाईला ती आडमुठी कालवड नकोशीच झाली होती. "तीच हाय भाऊ," ती म्हणाली. "घेऊन जा."

आठवड्याने पुंजाराम पाद्रीसाहेबांच्या बंगल्यासमोर हजर झाला. हातात कालवडीची दोरी होती.

"साहेब, आमा दोघाले बाप्तिस्मा द्या. पुढच्या जन्मी चुकामूक नको."

"दोघे कोण?"

"मी अन् हे माही बायको."

साहेबांनी शेजारी उभ्या असलेल्या भगवंतरावांकडे पाहिले. भगवंतरावांनी जमिनीकडे पाहिले आणि थानापासून सारे कबूल केले. तेवढ्यात कालवडीने साहेबांचा जाईचा वेल खायला घेतला.

साहेब पायरीवर पुंजारामशेजारी बसले. "ही तुझी बायको नव्हे. माणूस मरून दुसरे कोणी होत नाही, असे आमचे शास्त्र सांगते. मनकर्णा ही मनकर्णाच. शेवटच्या दिवशी देव तिला उठवील."

पुंजारामच्या हातून दोरी सुटली.

"तीच? तेच तोंड?"

"तीच."

"मले वयखन?"

"ओळखील."

पुंजारामने सुटलेली दोरी उचलली. मग म्हणाला, "पन ती तुमच्या येसूले मानत नोयती."

आता पुरे, असे भगवंतरावांनी साहेबांना डोळ्यांनी खुणावले. पण सोपे करून सांगण्याचा परिणाम साहेबांसमोर वेल चघळत उभा होता.

"उठतील सगळेच," ते सावकाश म्हणाले. "पुढे न्याय होईल. तो देव करील. तिच्याबद्दल मी तुला वचन देऊ शकत नाही."

"उठल्यावर, न्यायाच्या आंधी, दोन गोठी बोलाले सवड भेटन का?"

"काय बोलायचे आहे?"

"ती गेली अन् पुढच्याच सुगीत भाव आला, साहेब. जल्मभर फाटक्या लुगड्यात कापूस वेचला तिनं. तिले हे ठावंच नाई."

साहेबांनी बायबल उघडले. पाने उलटली, मागे आले, पुन्हा उलटली. भगवंतराव उगाच जाईचा तुटलेला वेल सावरत बसले.

"मनाई केलेली कुठे आढळत नाही," साहेब शेवटी म्हणाले.

पुंजाराम उठला आणि भगवंतरावांसमोर मांडी घालून बसला.

"मंग शिकवा मले, पयलेपासून. अन् महाराज, यावक्ती सोपं करू नका."