मखमली खोळ आणि दातिवऱ्याची होडी

या, जरा पुढं सरकून बसा. चपला दाराशीच राहू द्या. बोईसरला पिठाच्या गिरणीच्या माडीवर एकदा विद्या कशी स्वस्त झाली, त्याचं आख्यान तुम्हाला सांगतो.

विद्या आणि उपकरण यांची गाठ जितकी कमी पडेल, तितकी दोघांचीही झीज कमी होते. हे तत्त्व १९९२ साली श्री गुरुप्रसाद संगणक वर्गानं अमलात आणलं. संस्थापक धर्माजी चुरी. चिकूची वाडी सांभाळून आणि कीर्तनात टाळ धरून उरलेल्या वेळात ते शिक्षणमहर्षी होते. 'व्हिडिओ गेम बनवायला शिका, अत्यल्प खर्चात', असा फलक जिन्यावर होता आणि त्यात तसूभर खोटं नव्हतं. कारण वर्गात संगणक एकच होता, आणि तो जांभळ्या मखमली खोळीत असे. पुढ्यात उदबत्ती. (धुराचा यंत्रावर परिणाम होत नसे; यंत्र कुणी सुरूच करत नसे.)

उमरोळीची विजया एक स्टेशन गाडीनं येई. तिच्या डोक्यात एक खेळ होता. दातिवऱ्याच्या खाडीत होडी आहे, ओहोटी लागायच्या आत खडक चुकवून तिनं काठ गाठायचा. ही होडी एकदा पडद्यावर चालताना पाहावी, एवढंच तिचं मागणं. दिवाळीनंतर लग्न होतं, आणि सासरी शिलाई मशीन होतं, संगणक नव्हता.

आता संस्थेची शिक्षणपद्धती. कळफलक प्रत्येकाला स्वतंत्र, साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढलेला. (भिजल्यास उन्हात वाळवावा.) धर्माजी टाळ धरत, मुलं ठेक्यावर बोटं चालवत. पडदा म्हणजे जमिनीची फरशी, आणि पडद्यावरची चित्रं म्हणजे खुद्द विद्यार्थी. दातिवऱ्याचा देवू होडी झाला. दमयंती खडक झाली, तिला बसून राहायला आवडे.

विजया कागदावरच्या सूचना वाचू लागली. "होडी एक फरशी पुढे. खडक आला तर डावीकडे. परत पहिल्या ओळीवर."

देवू आज्ञाधारक. तो खडकाला वळसा घालून पुढे गेला, दारातून गेला, जिना उतरला आणि गिरणीत शिरला. खालून गिरणीवाल्याचा आवाज आला, "अरे, दळण कुठाय तुझं?"

देवू पांढरा होऊन वर आला. "ताय, आमी थांबायचं कुठं, ता तू लिवलंच नाय."

विजयानं एक ओळ वाढवली. (मोठ्या शहरांत अशी चूक सापडायला आठवडा जातो. इथं ती पीठ लागून परत आली.) संस्थेचा निकाल शंभर टक्के, यंत्र बिघडण्याचं प्रमाण शून्य.

"मास्तर, आता यंत्रावर करू?" विजयानं विचारलं.

"पूर्वरंग पक्का होऊ दे, बाय," धर्माजी मायेनं म्हणाले. "कीर्तनात पूर्वरंगाचं निरूपण कच्चं राहिलं तर उत्तररंगातल्या आख्यानाला श्रोते उठून जातात. दसऱ्याला खोळ काढू."

दसरा आला, खोळ निघाली. पडद्याला हळदकुंकू लागलं, खऱ्या कळफलकावर आपट्याची पानं पडली. विजया कागद घेऊन पुढे झाली.

"आज नाय, बाय. पूजेला बसलेल्या यंत्राला काम सांगत नाहीत."

"आणि उद्या?"

"उद्या खोळ. बोईसरची धूळ काय थोडी हाय?"

युक्तिवादात फट नव्हती. यंत्र वर्षातून ज्या एका दिवशी उघडं, त्या दिवशी त्याला सुट्टी. विजयानं कागदाची घडी केली. तेवढ्यात तिला दिसलं, समईतलं तेल जुन्या खोळीवर सांडलं होतं.

"मास्तर, नवी खोळ मी शिवते. माझी गुरुदक्षिणा."

धर्माजींचे डोळे भरून आले. विजयानं टेप लावून यंत्राचं माप घेतलं, उंचीचं तर पुन्हा एकदा घेतलं. खोळ आली ती जरीकाठाची, देखणी. धर्माजींनी नमस्कार करून ती चढवली. ती पडद्याच्या कपाळापर्यंत आली आणि तिथंच थांबली, बाळाच्या टोपड्यासारखी.

"तोकडी झाली गं."

"कापड तेवढ्यालाच पुरलं, मास्तर."

गुरुदक्षिणा परत करता येत नाही, तिच्यावर दुसरी खोळ घालणं हा अपमान. धर्माजी पेचात पडले.

"मास्तर," देवू म्हणाला, "उघड्या तोंडावर धूळ बसल. रोज चालू ठेवला तर नाय बसायची." (विज्ञानाचं मत कुणी विचारलं नाही.)

बटण दाबलं गेलं. धर्माजींनी टाळ धरला, विजयानं ठेक्यावर सूचना भरल्या. पडद्यावर एक पांढरा चौकोन निघाला, खडकाशी डावीकडे वळला, काठाला लागला आणि थांबला. फरशीवर देवू त्याच्या जोडीनं चालत होता, तोही थांबला. धर्माजींच्या हातातला टाळ अर्ध्यावरच राहिला.

"उत्तररंग असा असतो होय," ते हळूच म्हणाले.

श्रोतेहो, कथा झाली. आता तुम्ही घरी जाल. टीव्हीची खोळ सारखी कराल, शोकेसमधली बाहुली तिच्या प्लास्टिकच्या पिशवीसकट पुसाल, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्या मोजाल. आमचं काही म्हणणं नाही. फक्त पुढच्या खोळीचं माप घ्याल तेव्हा उमरोळीच्या विजयाची आठवण ठेवा, आणि कापड थोडं कमी घ्या.