थांबते का, ते सांगा

इनासकाका लिफ्टमध्येही ब्रेक मारतात. सातव्या मजल्यावरून लिफ्ट खाली निघाली की पाचव्यापासून त्यांचा उजवा पाय चपलेसकट जमीन दाबायला लागतो, आणि तळमजला आला की ते असा सुस्कारा सोडतात की लिफ्ट त्यांनीच थांबवली असं आपल्यालाही वाटावं. रिक्षात त्यांच्या शेजारी बसायची सोय नाही. स्टेशनपर्यंत तीनदा तरी त्यांचा पाय आपल्या पायावर पडतो. उतरताना ते रिक्षावाल्याला अगदी कळवळून सांगतात, "भाई, तेरा पिछला लेफ्ट पकडता नहीं है." रिक्षावाला आधी चिडतो, मग खाली वाकून चाक बघतो.

मी बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. परळहून इथे आलो तेव्हा पत्त्यातलं पार्क वाचून वाटलं होतं, बागबिग असेल. बाग नाही, आणि पार्किंग त्याहून नाही. जिथे स्कूटर कोणाची कुठे यावरून दोन सख्खे साडू बोलेनासे झालेत, तिथे काकांनी दिवाळीनंतर एक अख्खी पिकअप टो करून आणली आणि व्हिजिटर पार्किंगमध्ये उभी केली. गोल दिवे, लाकडी फळ्यांचा हौदा, हिरव्या रंगाखालून डोकावणारा निळा. वयाने माझ्यापेक्षा मोठी असावी, पण पोट माझ्यापेक्षा कमी.

काका मूळचे समुद्रकाठच्या तारोडी गावचे. सरकारी बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात गेली, तीही फक्त ब्रेकमध्ये. इंजिनाला त्यांनी कधी हात लावला नाही, लावायची इच्छाही नव्हती. त्यांच्या हाताखालून गेलेली बस ब्रेकच्या तक्रारीसाठी परत आली नाही, असं त्यांच्या डेपोतले जुने लोक आजही सांगतात. काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन वसईला गेली, आता सातव्या मजल्यावर ते एकटेच असतात.

जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांचा एकच प्रश्न असतो. माझ्या भाच्याने नवी गाडी घेतली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो आणि तिचं कौतुक सुरू केलं. छत उघडतं, मागचं पुढे दिसतं, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शंभरचा वेग घेते. काकांनी पेढा तोंडात टाकला. "पळते सगळ्यांचीच. थांबते का, ते सांगा."

तिसऱ्या मजल्यावरच्या देसाईंच्या मुलीला दुबईचं स्थळ आलं. मुलाची नोकरी, त्याचे फ्लॅट, त्याचा स्वभाव, सगळं देसाईंनी लिफ्टमध्येच ऐकवलं. पोरगा एकदा बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटतं, असंही म्हणाले. काकांनी विचारलं, "थांबतो का?" देसाई तळमजल्यावर विचारात पडले आणि चार दिवसांनी त्यांनी नकार कळवला. मुलगी अजून काकांना दिसेल तिथे वाकून नमस्कार करते.

तर ती पिकअप. काकांचे थोरले भाऊ पास्कल तारोडीला राहतात, त्यांची ती. कित्येक वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. पुतण्याला तिथे खोली बांधायची होती, म्हणून ती भंगारात निघाली. काकांना कळलं आणि ते टो व्हॅन घेऊन हजर झाले. इंजिन ओळखीच्या मेकॅनिककडून सुरू करून घेतलं. ब्रेकला मात्र कोणाला हात लावू दिला नाही.

रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी त्यांचं काम बघत उभा राहायचो. सेक्रेटरी म्हणून लक्ष ठेवतोय असं बायकोला सांगायचो. खरं सांगायचं तर मला तिथून हलवत नसे. चाकामागचा ब्रेकचा ड्रम काढला की आतली काळी धूळ ते ओल्या फडक्याने टिपून घ्यायचे. फुंकर मारलेली त्यांना चालत नसे, ती धूळ छातीत जाते म्हणायचे. मग एकेक स्प्रिंग काढून जुन्या चादरीवर मांडायची, आणि प्रत्येकीभोवती खडूने रेघ. दागिने मांडावेत तशी ती चादर दिसायची.

"ह्या चाकात दोन शू असतात," त्यांनी मला दाखवलं. कमानीसारखे वाकलेले दोन लोखंडी तुकडे, त्यांवर लायनर. एकाचा लायनर आखूड, दुसऱ्याचा लांब. "हा धाकटा, हा थोरला. धाकटा पुढच्या अंगाला, थोरला मागे. पेडल दाबलं की धाकटा आधी ड्रमला चिकटतो आणि थोरल्याला ढकलतो. खरा भार थोरला घेतो. आणि एका वेळी एकच चाक उघडायचं, शेक्रेटरी. दुसरं झाकलेलं राहू दे. विसरलं काय कुठं होतं, की तिकडं जाऊन बघायचं."

सगळं बसवून झालं की ते ड्रमला कान लावून चाक फिरवायचे. आत लायनर ड्रमला जेमतेम घासला पाहिजे, एवढाच की कुजबुज ऐकू यावी. मोठा आवाज आला की परत उघडायचं. एका चाकाची कुजबुज त्यांना पटेपर्यंत तीन दिवस गेले. असा माणूस आपल्या बिल्डिंगीत राहतो याचा मला तेव्हा इतका अभिमान वाटला की मी कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला.

तीच चूक झाली. आमचे खजिनदार शहाभाई तो फोटो बघून पेटले. "सेक्रेटरीसाहेब, व्हिजिटर पार्किंग है के गॅरेज?" मीटिंग झाली, ठराव झाला. येत्या रविवारी दुपारपर्यंत गाडी गेली नाही तर क्रेन बोलावून ती भंगारात द्यायची. आणि नोटीस द्यायला कोण, तर सेक्रेटरी.

मंगळवारी ती नोटीस खिशात घालून मी खाली गेलो. काका मागच्या चाकाशी आडवे झाले होते. माझे फक्त बूट बघून म्हणाले, "बरं झालं आलात. वर बसा. कुठला पाय चांगला हाय तुमचा?"

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकापाशी. पुढचा दीड तास मी कॅबिनमध्ये बसून होतो आणि खालून हुकूम येत होते. "दाबा. दाबा. दाबा. आता धरा. सोडू नका." पायाला गोळे आले. मध्येच खालून आवाज आला, "काही कागद हाय का? ऑइल ठिपकतंय." माझ्याकडे एकच कागद होता. सोसायटीच्या शिक्क्यासकट तो चाकाखाली गेला.

काम झाल्यावर मी तोंडी सांगितलं. रविवार, क्रेन, भंगार. काका हात पुसत फुटबोर्डावर बसले.

"क्रेनला लटकून ही जाणार न्हाय," ते म्हणाले. "माझ्या ब्रेकवर जाईल. आणि दादूस बाजूला बसेल."

दादूस म्हणजे थोरले भाऊ. मी सहज म्हणालो, त्यात काय, बसतील की. काकांनी चिंधीची घडी घातली आणि सांगायला सुरुवात केली.

"मी तेवीस वर्षांचा. वर्कशॉपला लागून सहा महिने झाले होते, म्हणजे मला सगळंच येत होतं. दादूस ह्या गाडीतून खाली चौक बंदरावर होड्यांसाठी बर्फ न्यायचा. मला म्हणाला, इनास, ब्रेक बघ जरा. त्या दुपारी आमची मॅच होती. मी पुढची दोन्ही चाकं एकदम उघडली. सगळे शू एका ढिगात. बसवले आणि पळालो मॅचला."

दुसऱ्या दिवशी पास्कलदादा भरलेली गाडी घेऊन चौकच्या उतारावर लागले. गाडी मंदावली, पण थांबेना. समोर टोपल्या घेऊन बायका चालल्या होत्या. त्यांनी गाडी दगडी गडग्यावर घातली. बायका वाचल्या, पण दादांचा डावा गुडघा गेला, तो पुन्हा कधी वाकला नाही.

"गाव म्हणालं, गाडी जुनी होती. दादूस म्हणाला, ऑइल गेलं असेल. मी कायच म्हणालो न्हाय. गाडी अंगणात ओढून आणली, ती कोणी उघडलीच न्हाय. मला चाळीस वर्षं नुसता संशय होता. इथं आणून उघडली, तर पुढं दोन्हीकडं थोरला पुढे आणि धाकटा मागे. दोन्ही बाजू सारख्याच चुकलेल्या. बघायला जाणार तरी कुठं?"

जन्मभर एका वेळी एकच चाक उघडणारा हा माणूस एकदाच चुकला होता आणि तेही स्वतःच्या भावाच्या गाडीत. मला त्यांची दया आली नाही. उलट, त्या एका चुकीतून त्यांनी आपले हात असे घडवले याचा अभिमानच वाटला, आणि तो मी बोलून दाखवला. काकांनी ऐकून घेतलं.

"ते ठीक हाय," ते म्हणाले. "पण दादूसला सांगायचं हाय. नुसतं तोंड घेऊन कसा जाऊ? नीट केलेली गाडी घेऊन जातो. बाजूला बसला तर सांगतो. न बसला तर मग राहिलंच."

रविवारी सकाळी गेटच्या उतारावर काकांनी खडूने आडवी रेघ मारली आणि शहाभाईंना रेघेच्या पलीकडे उभं केलं. त्यांना बिचाऱ्यांना नाही म्हणायलाही वेळ मिळाला नाही. गाडी वरून आली आणि पुढची चाकं रेघेवर ठेवल्यासारखी थांबली. शहाभाईंनी डोळे उघडले, मग टाळ्या वाजवल्या. आख्खी बिल्डिंग गॅलरीत आली होती. ठरावाची अंमलबजावणी बघायला मी हौद्यात चढलो, कमिटीचा प्रतिनिधी म्हणून.

राई, मोर्वा, डोंगरी ही गावं मागे टाकत आम्ही तारोडीला पोचलो. चर्चमधली मिस्सा आटपून लोक घरी परतत होते. पास्कलदादा काठी घेऊन ओट्यावर बसले होते. त्यांनी गाडी दिव्यांपासून हौद्यापर्यंत न्याहाळली.

"गारी धुतलीस."

"बस रे दादूस," काका दुसरीकडेच बघत म्हणाले.

"पाय न्हाय वाकत. कसा बसू?"

काकांनी दार उघडलं. बाजूची सीट चांगली वीतभर मागे सरकवून नव्याने ठोकली होती, आणि खाली पाय लांब करून ठेवायला एक पातळ गादी शिवून घातली होती. इतके महिने मी त्या गाडीभोवती घुटमळत होतो, पण बाजूच्या सीटकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. दादा काठीच्या आधाराने चढले, पाय लांब केला, जरा हलवून बघितला.

"चौकला चल."

उतार लागला तेव्हा मी हौद्यात उभा राहून मागच्या काचेतून बघत होतो. दादांचा एक हात समोरच्या पत्र्यावर घट्ट होता. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि उताराच्या मध्यावर पूर्ण थांबली. काका तिथेच बोलायला लागले. ऐकू काही येत नव्हतं, नुसते ओठ हलताना दिसत होते, नजर समोर. एखादं मिनिट असेल. मग दादा काहीतरी थोडंसं बोलले आणि गाडी पुन्हा सुरू झाली. खाली होड्यांपर्यंत जाऊन, बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांच्या रांगांना वळसा घालून आम्ही परत फिरलो.

घरासमोर गाडी थांबली तरी कोणी उतरेना. मी हौद्यातून खाली उडी मारून काकांच्या खिडकीपाशी गेलो. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पलीकडे दादा मान टाकून झोपले होते, तोंड उघडं, दोन्ही हात मांडीवर सैल.

"काय म्हणाले?" मी हळूच विचारलं.

"म्हणाला, आता बराबर बसवलास ना? मी म्हणालो, हो. म्हणाला, मंग झालं." काकांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

इतक्यात दादांची बायको, काकांच्या वहिनी, पदराला हात पुसत बाहेर आल्या. खिडकीतून आत वाकून बघितलं आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. "ते अपघातापासून गारीत कदी डोला न्हाय मिटला यांनी," त्या म्हणाल्या. "रिक्षात न्हाय, बशीत न्हाय."

ऊन चढत होतं. वहिनींनी आतून चादर आणून खिडकीवर सावलीला धरली, दुसरं टोक मी धरलं. काका स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले, आणि कोणीही दार उघडलं नाही.