साळवेसरांची फळ्यावरची बॅटरी

साळवेसरांच्या अंगणातल्या बाजेवर पापड नव्हे, ट्रान्झिस्टरचे सेल वाळत. संपत आलेल्या सेलला ऊन दाखवलं की त्यात थोडी धुगधुगी येते, हे सगळ्या भिंगारला ठाऊक होतं. ती नेमकी किती येते, हा प्रश्न मात्र फक्त या माणसाला पडायचा.

सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवत, मी मराठी. शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर ते सेल काढायचे आणि त्याच्या पोटात एक नागमोडी रेघ. "हा आतला अडथळा. सेल म्हातारा होतो म्हणजे हा वाढतो." मग शेजारी रेडिओच्या चालण्याचे आणि थांबण्याचे तास मांडायचे. "विसावा मिळाला की सेल सावरतो, कुलकर्णी. तोही गणितात धरावा लागतो." एकदा तर नव्या सेलला तारेचं वेटोळं जोडून त्यांनी मुद्दाम म्हातारा सेल बनवला आणि त्यावर रेडिओ कसा कण्हतो ते आम्हाला कौतुकाने ऐकवलं.

पालुपद एकच, "लोड लावून बघा!" म्हणजे सेलला कामाला जुंपून बघा. मुख्याध्यापकांनी लेकीसाठी स्थळ पाहिलं, मुलगा शांत आहे म्हणाले. सर म्हणाले, "रिकामे असताना सगळेच सेल दीड व्होल्ट दाखवतात. लोड लावून बघा!" मुख्याध्यापक बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते.

एवढ्या खटाटोपापेक्षा नवे सेल का आणत नाही, असं मी विचारलं तेव्हा कारण कळलं. बाजारात सेल मिळेनासे झाले होते आणि त्यांच्या पत्नी रूथबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. सर शाळेत असताना त्यांच्याशी बोलणारा तो उशाजवळचा ट्रान्झिस्टरच. तो मध्येच मुका होऊ नये, म्हणून सेल कधी संपणार हे सरांना आधी कळायला हवं होतं. मला तो माणूस एकदम जवळचा वाटला.

पण गणित जमत नव्हतं. सेल दरवेळी लवकरच मान टाकायचे आणि सर चिडून फळा पुसायचे.

एकदा शाळा दुपारीच सुटली. मी सरांबरोबर त्यांच्या घरी गेलो. दारातच रेडिओ ऐकू आला, अगदी बारीक. सर थबकले. जेवण झालं की मी रेडिओ बंद करून झोपते, असं रूथबाईंनी सांगितलेलं. म्हणून गणितात दुपार सेलच्या विसाव्याची होती.

"अगं, झोपली नाहीस?"

रूथबाई ओशाळल्या. "दुपारी झोप येतच न्हाई हो मला. घर खायला उठतं. तुमी काळजी कराल म्हनून बोलले न्हाई."

सर खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी रूथबाईंचा हात हातात घेतला.

मग मुख्याध्यापकांच्या विनवण्या करून त्यांनी आपले मोकळे तास मधल्या सुट्टीला जोडून घेतले. घंटा झाली की सायकल काढून थेट घरी. काही दिवसांनी फळ्यापाशी उभे दिसले, तेव्हा मी विचारलं, "आता जमलं का?"

"छे, पुन्हा चुकलं. सेल संपायचं नावच घेत नाहीत. दुपारी आम्ही बोलत बसतो, रेडिओ लावायचं राहूनच जातं," सर म्हणाले, आणि चक्क लाजले.