टेसीचे कॅलिपर आणि घाटापलीकडची नर्स

टेसीच्या अधू पायांना आधार देणारे नवे कॅलिपर शाळा उघडायच्या आत येणार म्हणजे येणार, असं नर्स व्हर्नाने टेसीच्या आईला छातीठोकपणे सांगून टाकलं. तिथेच चुकलं!

सेजब्रुक आणि पाइन फोर्क या दोन्ही काउंट्या, म्हणजे तिथले तालुकेच, एवढ्याशा, की आजारी मुलांची योजना त्या भागीत चालवत. मागणी एकीने करायची, मंजुरी दुसरीने द्यायची. आपल्याच पोरांचे लाड नकोत म्हणून! नर्स मात्र दोघींत मिळून एकच परवडली. बुधवारपर्यंत व्हर्ना सेजब्रुकची, गुरुवारपासून घाटापलीकडे पाइन फोर्कची.

बुधवारी तिने मागणी पाठवली. गुरुवारी रस्त्यातली गुरं हाकलत पाइन फोर्कला पोचली, तर टेबलावर तीच मागणी! मंजुरीआधी मागणी करणाऱ्या नर्सशी बोलणं सक्तीचं. तिने सेजब्रुकला फोन लावला. उचलणार कोण? निरोप ठेवला. सोमवारी सेजब्रुकला तो ऐकून उलट फोन केला. पलीकडे शुकशुकाट!

"साहेब, 'बोलणं झालं' असं लिहून सही ठोकू का?" तिने वरिष्ठ क्लेटनना विचारलं.

"वेडी आहेस का? तपासणी आली तर योजनाच गुंडाळतील! दोघींची समोरासमोर बैठक घे. मी साक्षीला येतो."

बैठक हद्दीवरच्या खानावळीत ठरायलाच उन्हाळा सरला. शाळा उघडली, टेसी जुन्याच कॅलिपरवर लंगडत गेली. व्हर्नाला रात्री झोप लागेना.

अखेर बैठक भरली. व्हर्ना एका खुर्चीत बसून मागणी मांडायची, उठून समोरच्या खुर्चीत बसून शंका काढायची. खानावळवालीने मुकाट्याने दोन कॉफ्या आणल्या.

"जुने दुरुस्त होणार नाहीत का?" समोरच्या खुर्चीतून सवयीने निघून गेलं.

"अगं बाई, पोरीच्या पायाला फोड आलेत!" अलीकडच्या खुर्चीतून व्हर्ना कडाडली.

"आवाज खाली! जरा समजुतीने घ्या दोघी," क्लेटन म्हणाले.

मंजुरी मिळाली! कॅलिपर आले. टेसीने उत्साहाने पाय घातला. टाच बाहेरच! एवढ्या दिवसांत पोर वाढली होती.

तिच्या आईने, रोंडाने, कॅलिपर पुन्हा खोक्यात भरले. मग थकल्या आवाजात म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून?"

"आजच मागणी पाठवते."

"आणि पलीकडची बाई अडवेल, तिचं काय?"

व्हर्ना टेसीसमोर गुडघे टेकून बसली आणि टेप उलगडली.

"ती नियमाला घट्ट आहे," ती म्हणाली. "या वेळी माप दोन बोटं मोठंच लिहिते. तिला कशाला सांगायचं?"